रिपोर्टमधला आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते आधी बघा

पिंपळगाव बसवंतहून एका ताईंनी विचारलंय. त्या खतं-औषधांच्या एका वितरकाकडे हिशेब बघतात. पूर्वी दर महिन्याला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरून एक्सेल काढून मालकांपुढे ठेवायच्या. सहा महिन्यांपूर्वी मालकांनी पॉवर बीआयमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रिपोर्ट करून घेतला. त्यात चार पानं आहेत: तालुका, कंपनी, उत्पादन आणि वसुली. ताई म्हणतात, "मला निफाडची विक्री एक दिसते, मालकांना त्यांच्या मोबाइलवर दुसरीच. कुठे बोट लागलं की सगळे आकडे हलतात. मग भीती वाटते आणि मी सगळं एक्सेलमध्ये उतरवून घेते. हा रिपोर्ट नीट वापरायचा तरी कसा?"

ताई, मी आधी सातपूरला कॉस्टिंगमध्ये होतो. गेली अनेक वर्षं नाशिक आणि आसपासच्या धंद्यांना असे रिपोर्ट करून देतो आणि ते वापरायला शिकवतो. तुमच्यासारखी तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता रिपोर्ट देताना पहिला अर्धा तास मी फक्त याच गोष्टीवर घालवतो.

कागदावर छापलेला आकडा छापल्या क्षणी गोठतो. तो तुम्ही वाचा, मालक वाचोत, सीए वाचोत, तोच राहतो. स्क्रीनवरचा रिपोर्ट मात्र प्रत्येक क्लिकला नव्याने बेरीज मारतो. म्हणून "निफाडची विक्री ४२ लाख" हे वाक्य तिथे अर्धवट आहे. कोणत्या महिन्यांची? सगळ्या कंपन्यांची की एकाच? परत आलेला माल वजा करून की न करता? तुम्हाला आणि मालकांना वेगळे आकडे दिसतात, त्यातला एक चूक आणि एक बरोबर असेलच असं नाही. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात, फक्त दोघांच्या स्क्रीनवर प्रश्न वेगळे उभे असतात. तो प्रश्न कुठे वाचायचा हे कळलं की भीती जाते.

तर आधी तेच. कुठल्याही चार्टवर माउस नेलात की त्याच्या कोपऱ्यात बारीक चिन्हांची रांग दिसते. त्यात एक गाळणीसारखं, म्हणजे नरसाळ्यासारखं चिन्ह असतं. त्यावर माउस ठेवा, क्लिक करायची गरज नाही. एक छोटी यादी उघडते आणि त्या चार्टवर त्या घडीला कोणकोणत्या अटी लागू आहेत ते ओळीने लिहिलेलं असतं: तालुका निफाड, वर्ष अमुक, प्रकार बुरशीनाशक. पानावर दिसणारे स्लायसर (निवडीच्या चौकटी), बाजूच्या पट्टीतले फिल्टर, सगळं त्यात येतं. या चिन्हाकडे शंभरातले नव्वद लोक कधी बघत नाहीत, आणि माझ्या मते अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात मोलाची जागा तीच आहे. मालकांना आकडा सांगण्याआधी पाच सेकंद तिथे माउस ठेवायची सवय लावून घ्या.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येतो. पॉवर बीआय तुमची शेवटची निवड लक्षात ठेवतं. शुक्रवारी तुम्ही एखादी कंपनी निवडून तशीच खिडकी बंद केलीत, तर सोमवारी रिपोर्ट त्याच निवडीसह उघडतो. प्रत्येकाची निवड त्याच्या त्याच्या लॉगिनला जोडलेली असते. बनवणाऱ्याने ही सोय बंद केली नसेल तर ती चालूच असते, आणि बहुतेक ठिकाणी कोणी ती बंद करत नाही.

अंबडच्या एका कारखान्यातली सोमवारची मीटिंग मला अजून आठवते. प्रोजेक्टरवर रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, १.४ टक्के. क्वालिटीच्या साहेबांच्या लॅपटॉपवर त्याच रिपोर्टमध्ये, त्याच पानावर, त्याच महिन्याचं ३.२ टक्के. वीस मिनिटं दोन खात्यांत वाद झाला. नोंदी कोण उशिरा भरतं, कोण लपवतं, इथपर्यंत गोष्टी गेल्या. मी मागे बसलो होतो, उठून त्यांच्या लॅपटॉपवर त्या गाळणीवर माउस ठेवला. यादीत शेवटची ओळ होती: पाळी – रात्र. आदल्या शुक्रवारी त्यांनी रात्रपाळीचं काही तपासलं होतं. तो स्लायसर दुसऱ्याच पानावर होता, पण सगळ्या पानांना लागू होईल असा जोडलेला होता, म्हणून या पानावर तो दिसत नव्हता आणि काम मात्र करत होता. वरच्या पट्टीतलं रिसेटचं बटण दाबलं, म्हणजे तो मागे वळलेला गोल बाण, आणि १.४ आलं. त्या दिवसापासून त्या कारखान्यात मीटिंगच्या सुरुवातीला सगळे आधी रिसेट दाबतात. तुम्ही आणि मालकांनी फोनवर बोलताना तेवढंच करा: दोघांनी रिसेट, मग दोघांनी तेच तालुका-महिना निवडायचं, मग आकडा वाचायचा.

रिसेट करूनही फरक राहिला तर दोन कारणं उरतात. एक, परवानगी. रिपोर्ट बनवणारा ओळींवर कुलूप लावू शकतो. म्हणजे दिंडोरीच्या सेल्समनला फक्त दिंडोरी दिसेल, मालकांना सगळं. तुमच्या लॉगिनला काही कंपन्या किंवा एखादी शाखा दिसत नसेल तर तुमची बेरीज कमीच येणार आणि गाळणीच्या यादीत त्याचा उल्लेखही नसणार. हे रिपोर्ट बनवणाऱ्यालाच विचारावं लागतं. एकदा विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

दुसरं कारण, डेटा कधीचा आहे. वर रिपोर्टच्या नावावर क्लिक केलंत की शेवटचा डेटा कधी भरला ती तारीख-वेळ दिसते. बहुतेक छोट्या धंद्यांत डेटा टॅलीतून ठरलेल्या वेळी उचलला जातो. नेहमीच्या प्रो लायसन्सवर दिवसातून जास्तीत जास्त ८ वेळा तो आपोआप ताजा करता येतो, आणि अनेक जण रात्री एकदाच करतात. वरच्या पट्टीतलं रिफ्रेशचं बटण दाबलं की आत्ता काढलेलं बिल येईल असं सगळ्यांना वाटतं. अशा रिपोर्टमध्ये ते बटण फक्त स्क्रीनवरची चित्रं नव्याने आखतं, टॅलीकडे जात नाही. दुपारी तीनला बिल काढून सव्वातीनला रिपोर्टमध्ये शोधू नका.

याच्याच शेजारची एक बारीक गोष्ट. "आज", "मागचे ७ दिवस" असे फिल्टर ऑनलाइन रिपोर्टमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. मार्केट यार्डातले एक आडतदार पहाटे चारला लिलावाआधी रिपोर्ट उघडायचे आणि "आज" मध्ये त्यांना कालचा दिवस दिसायचा. साडेपाच वाजले की आपोआप बरोबर. त्यांनी दोन महिने ते सहन केलं, कारण त्यांना वाटलं आपल्याच मोबाइलचं घड्याळ बिघडलंय. तुमचं दुकान नऊला उघडत असेल तर तुम्हाला हे कधी आडवं येणार नाही.

आता निवडीबद्दल. स्लायसर म्हणजे पानावरची निवडीची चौकट. एक्सेल २०१० पासून पिव्होटला (सारांशाच्या तक्त्याला) स्लायसर आले, तुम्ही ते वापरले असतील तर हे ओळखीचंच आहे. एकापेक्षा जास्त तालुके निवडायचे असतील तर कंट्रोल दाबून ठेवा, नाहीतर दुसरा निवडताच पहिला सुटतो. यादी लांबलचक असेल तर चौकटीच्या तीन टिंबांत शोधायची सोय चालू करता येते. उजव्या बाजूची फिल्टरची पट्टी वेगळी: तिच्यात काही अटी फक्त एका चार्टला लागतात, काही त्या पानाला आणि काही सगळ्या पानांना, आणि तसं तिथे लिहिलेलं असतं. एखाद्या अटीवर कुलूप दिसलं तर ती बनवणाऱ्याने मुद्दाम लावलेली आहे. तुम्ही ती वाचू शकता, बदलू शकत नाही.

पण यादीतली नावं नीट वाचा, हे मी जास्त कळकळीने सांगतो. आपल्या जिल्ह्यात १५ तालुके आहेत. एका वितरकाच्या रिपोर्टमध्ये मी तालुक्यांची यादी उघडली तर १७ नावं. एक होतं बागलाण आणि एक सटाणा. तालुका बागलाण, गाव सटाणा, आपल्याला माहीत आहे, पण टॅलीत खातं उघडताना एका मुलाने एक लिहिलं, दुसऱ्याने दुसरं. मालक "बागलाण" निवडायचे आणि त्या भागात धंदा बसत चाललाय म्हणून सेल्समनला बोलणी खावी लागायची. बिचाऱ्याची अर्धी विक्री सटाण्याच्या नावाखाली पडून होती. सतरावं नाव होतं कंसात "ब्लँक", म्हणजे रिकामं. ज्या दुकानांच्या खात्यात तालुका भरलाच नव्हता, ती सगळी तिथे. यादीत "ब्लँक" दिसलं तर ते निवडून बघाच. तिथे जे सापडतं ते रिपोर्टची चूक नसते, आपल्या मास्टरमध्ये (टॅलीतल्या खात्यांच्या मूळ माहितीत) काय अर्धवट राहिलंय त्याची ती यादी असते. तुम्ही हिशेब बघता, म्हणजे ती दुरुस्त करणंही तुमच्याच हातात आहे. हे काम एका दुपारचं आहे आणि त्याचा उपयोग वर्षानुवर्षं होतो.

"कुठे बोट लागलं की सगळे आकडे हलतात" असं तुम्ही लिहिलंय. ते तसं हलायलाच हवेत. एका चार्टमधल्या निफाडच्या स्तंभावर क्लिक केलं की त्या पानावरचे बाकीचे चार्ट निफाडपुरते बोलायला लागतात. पण ते दोन तऱ्हांनी बोलतात, आणि इथे बरेच जण फसतात. स्तंभांच्या चार्टमध्ये सहसा पूर्ण स्तंभ फिका होऊन तसाच राहतो आणि त्यात निफाडचा वाटा गडद दिसतो. फिका भाग म्हणजे सगळ्या तालुक्यांची विक्री, गडद भाग म्हणजे निफाडची. रेषेचा चार्ट, तक्ता आणि मोठ्या आकड्याची चौकट मात्र पूर्ण बदलून निफाडचीच होतात. म्हणजे एकाच पानावर एका चार्टची उंची जिल्ह्याची आणि शेजारच्या चौकटीतला आकडा निफाडचा. तेव्हा गडद रंगाकडे बघून बोला. त्याच स्तंभावर पुन्हा क्लिक केलं की सगळं पूर्ववत होतं. बिघडत काहीच नाही. मूळ डेटाला वाचणाऱ्याचा हात लागूच शकत नाही, त्यामुळे बिनधास्त क्लिक करा.

महिन्यांच्या चार्टवर मात्र थोडं सावकाश, कारण मी बघितलेले सगळ्यात महागडे गैरसमज तिथेच झाले आहेत.

चार्टमध्ये वर्ष, त्याखाली तिमाही, त्याखाली महिना असे थर असतील तर कोपऱ्यात बाणांची चिन्हं दिसतात. एकेरी खाली बाण चालू केला की क्लिकचा अर्थ बदलतो: ज्या स्तंभावर क्लिक कराल तोच उघडून आतला थर दाखवतो. दोन सरळ बाण आणि फाटा फुटलेला बाण हे दिसायला जवळजवळ सारखे आहेत, पण त्यांचं काम फार वेगळं आहे. फाटा फुटलेला बाण प्रत्येक वर्ष जागेवर ठेवून त्याखाली महिने मांडतो. दोन सरळ बाण वर्ष काढूनच टाकतात आणि सगळ्या वर्षांचे ऑक्टोबर एकत्र करतात. तुमच्याकडे तीन वर्षांचा डेटा असेल तर तो "ऑक्टोबर" म्हणजे तीन ऑक्टोबरांची बेरीज. कुठल्या महिन्यात औषधाला मागणी असते हे बघायला तो उत्तम आहे. पण तोच आकडा "या ऑक्टोबरची विक्री" म्हणून कंपनीच्या माणसाला सांगितलात तर पुढच्या वर्षीचं टार्गेट तिप्पट येईल.

तिमाहीचं त्याहून वाईट आहे. पॉवर बीआय तारखेवरून आपणहून जे थर बनवतं ते जानेवारी ते डिसेंबर या वर्षावर चालतं. त्याची तिसरी तिमाही म्हणजे जुलै ते सप्टेंबर. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपल्या तोंडी तिसरी तिमाही म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आता द्राक्षपट्ट्यात याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. ऑक्टोबर छाटणी झाली की डाउनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या सुरू होतात आणि औषधांच्या दुकानांचा वर्षाचा मोठा धंदा त्या तीन महिन्यांत होतो. एका मालकांनी जानेवारीत रिपोर्ट उघडून तिसरी तिमाही निवडली आणि विक्री अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी बघून रात्री दहाला मला फोन केला. आवाज उतरलेला होता. उधारीवर एवढा माल गेला, बिलंच झाली नाहीत की काय, अशी शंका त्यांच्या मनात होती. मी म्हटलं, आधी महिन्यांचा थर उघडा. त्यांनी उघडला आणि तिकडून वाचायला लागले, "जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर…" आणि थांबले. दुसऱ्या दिवशी आम्ही आर्थिक वर्षाचा वेगळा रकाना करून दिला. तुमच्या रिपोर्टमध्ये तिमाही असेल तर आजच एक तिमाही उघडून आत कोणते महिने निघतात ते बघा. चुकीचे निघाले तर बनवणाऱ्याला आर्थिक वर्षाचा तारीखतक्ता जोडायला सांगा. ते त्याचं रोजचं काम आहे, त्यात अवघड काही नाही.

एखादा आकडा खटकला तर त्याच्या मुळाशी जाण्यासाठी ड्रिल थ्रू असतं. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये ते काय करतं हे मी प्रत्यक्ष पाहिलं. त्यांच्या रिपोर्टमध्ये बागायतदारनिहाय एका पेटीचं सरासरी वजन होतं. निर्यातीच्या पाच किलोच्या पेट्या, त्यामुळे सगळे स्तंभ पाचच्या आसपास, एका ओळीत कापल्यासारखे. एकच स्तंभ ६.८. तिथल्या मुलीने त्या स्तंभावर माउस ठेवला: पेट्या ३,०००, वजन २०,४०० किलो. मग त्याच स्तंभावर उजवं क्लिक केलं, ड्रिल थ्रू, आणि त्यातलं पावत्यांच्या तपशिलाचं पान निवडलं. नवीन पान उघडलं ते फक्त त्या एका बागायतदाराचं. तिने वजनाच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून मोठं वजन वर आणलं. पहिलीच ओळ: पेट्या १२०, वजन ६,००० किलो. म्हणजे पेटीला पन्नास किलो. एक शून्य जास्त पडलं होतं, ६०० च्या जागी ६,०००. बाकी २,८८० पेट्या पाचच्या हिशेबाने बरोबर १४,४०० किलो. तीन-चार मिनिटांत ५,४०० किलो न आलेल्या मालाची नोंद सापडली, आणि ती त्याच संध्याकाळी पेमेंटच्या यादीत जाणार होती. परत यायला पानाच्या कोपऱ्यात मागे जाणारा बाण असतो.

उजव्या क्लिकवर ड्रिल थ्रू सगळ्याच चार्टवर मिळत नाही. बनवणाऱ्याने तपशिलाचं पान आधी तयार केलेलं असावं लागतं. तुमच्या रिपोर्टमध्ये नसेल तर वसुलीच्या पानासाठी ते मागून घ्या. दुकानाच्या नावावरून थेट थकलेल्या बिलांपर्यंत जाता आलं तर तुमचे निम्मे फोन वाचतील.

बेरजेबद्दल हिशेबाच्या माणसाला एक धक्का बसतो, तो आधीच सांगून ठेवतो. तक्त्यातली "एकूण" ही ओळ वरच्या ओळींची बेरीज असेलच असं नाही. रिपोर्ट ती ओळ मूळ डेटावरून वेगळी काढतो. समजा किती कृषी सेवा केंद्रांनी माल घेतला हे कंपनीनिहाय आहे: एका कंपनीची ८०, दुसरीची ६५, तिसरीची ५०. आपण बेरीज मारतो १९५, खाली एकूण ११०. एकच दुकान तिन्ही कंपन्यांचा माल घेतं, ते प्रत्येक ओळीत मोजलं जातं पण एकूणमध्ये एकदाच. ११० च बरोबर. टक्क्यांचंही तसंच. औषधांची विक्री १० लाख, त्यावर १२ टक्के सुटले, म्हणजे १ लाख २० हजार. खतांची विक्री ९० लाख, त्यावर ४ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. बारा आणि चारची सरासरी आठ, पण एक कोटीवर सुटले ४ लाख ८० हजार, म्हणजे ४.८ टक्के. रिपोर्ट ४.८ दाखवत असेल तर तो नीट बांधलेला आहे. ८ दाखवत असेल तर बनवणाऱ्याला लगेच फोन लावा.

मोठ्या आकड्यांपुढे के, एम अशी अक्षरं येतात, तीही अंगवळणी पाडून घ्या. ४५० के म्हणजे साडेचार लाख, १.३ एम म्हणजे १३ लाख. माउस नेलात की पूर्ण आकडा दिसतो. लाख-कोटीत दाखवायची व्यवस्था बनवणारा करू शकतो, आणि मालक रोज बघणार असतील तर त्याने ती करायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. आणि रेषेच्या चार्टमध्ये डावीकडचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का तेही बघा. कांद्याचा भाव क्विंटलला २,१०० वरून २,२०० झाला आणि अक्षच २,१०० ला सुरू होत असेल, तर शंभर रुपयांचा चढ डोंगरासारखा दिसतो.

एक्सेलचं आता सांगतो. उतरवून घेण्यात काही गैर नाही. बँकेला यादी द्यायची आहे, जीएसटीशी ताळा घालायचा आहे, तिथे एक्सेलच लागतं. पण नुसतं आकडे नीट बघायला म्हणून उतरवत असाल तर चार्टच्या तीन टिंबांत "शो ॲज अ टेबल" आहे, चार्टखालीच त्याचा तक्ता उघडतो. चार्ट लहान वाटत असेल तर फोकस मोडने तो पूर्ण पडदाभर होतो. उतरवायचंच असेल तर ध्यानात ठेवा की त्या घडीला लागू असलेल्या अटींसकटच डेटा बाहेर येतो. निफाड निवडलेलं असेल तर फाइलीत फक्त निफाड. आणि मर्यादाही आहे: सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाइलीत) ३०,००० ओळी, एक्सेल फाइलीत १,५०,०००. वर्षभराची बिलं ओळीनिहाय सीएसव्हीत उतरवली आणि बेरीज कमी आली, तर आधी फाइलीत किती ओळी आल्या ते बघा. बरोबर तीस हजारावर थांबली असेल तर बाकीचा डेटा बाहेरच राहिलाय.

रोज सकाळी तुम्हाला तेच बघावं लागत असेल, समजा निफाड आणि चांदवड, चालू महिना, ९० दिवसांवरची उधारी, तर दरवेळी नव्याने निवडू नका. एकदा सगळं लावा आणि वरच्या पट्टीतल्या बुकमार्कमध्ये स्वतःचा बुकमार्क करून ठेवा. नाव स्पष्ट द्या, "निफाड-चांदवड ९० दिवस" असं, कारण "बुकमार्क १" चा अर्थ पंधरा दिवसांनी तुम्हालाच लागणार नाही. तो बुकमार्क फक्त तुम्हाला दिसतो. हवा असेल तर रिपोर्ट उघडताच तोच दिसेल असंही करता येतं. तुमच्या जागी मी असतो तर मात्र ते केलं नसतं. रिपोर्ट कोऱ्या स्थितीत उघडावा आणि बुकमार्क आपण हाताने निवडावा, म्हणजे आपण काय निवडलंय ते आपल्याला माहीत राहतं.

आणि मालकांना आकडा कळवताना स्क्रीनशॉट पाठवणं थांबवा. स्क्रीनशॉटमध्ये दुमडलेले स्लायसर आणि दुसऱ्या पानावरच्या अटी येत नाहीत. शेअर करताना लिंकसोबत "इन्क्लूड माय चेंजेस" असा पर्याय येतो, त्यावर खूण करा. मालकांना रिपोर्ट बघायची परवानगी आहेच, ते लिंक उघडतील तेव्हा तुम्ही लावलेल्या सगळ्या अटींसकट तेच पान त्यांच्यापुढे येईल. उद्या सकाळी निफाडचा आकडा असाच पाठवून बघा. तरीही दोघांत फरक आला, तर दोघांच्या स्क्रीनवरची गाळणीची यादी आणि डेटाची तारीख लिहून रिपोर्ट बनवणाऱ्याकडे द्या. तेवढ्यावरून त्याला परवानगीचा घोळ आहे की डेटाचा, हे सांगता यायला हवं.